शपथेआधी लिहिलेलं नाव

रेवा आणि ईशान,

आजोबांना जाऊन आज अठरा दिवस झाले. पाहुणे गेले, आणलेल्या जादा गाद्या परत केल्या, भांडी जागेवर लागली, आणि मी टेबलाशी बसले आहे. ईशान, तू मेलबर्नहून घरच्या ग्रुपवर इथल्या वर्तमानपत्राचं कात्रण टाकलंस. फळ्यावर मंत्रिमंडळ लिहिणारे सर गेले, अशी बातमी, आणि शेवटी एक ओळ: इतक्या वर्षांत सरांचा फळा एकदाच चुकला. त्याखाली रेवाने टोरांटोहून हसरा चेहरा टाकून लिहिलं, "आजोबांची एकमेव चूक!"

प्रेमानेच लिहिलंत, मला माहीत आहे. पण ती चूक त्यांची नव्हती. माझी होती. शोकसभेतही तोच किस्सा सांगितला गेला, लोक हसले, आणि मी पहिल्या रांगेत बसून गप्प राहिले. आणखी थोडे दिवस गप्प राहिले तर ती ओळ त्यांच्या नावाला कायमची चिकटेल. म्हणून आत्ताच लिहिते आहे.

हे मी त्यांच्याशी बोलूनच सांगणार आहे. घरातली कुठलीही गोष्ट मी आधी त्यांना सांगत आले. तेव्हा यापुढे 'तुम्ही' म्हणजे आजोबा. तुम्ही दोघांनी शेजारी बसून ऐका.

अहो, आधी फळ्याबद्दल, कारण मुलांना तो नुसता फोटोत ठाऊक आहे. तुम्ही कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होतात आणि मी मुलींच्या शाळेत इंग्रजी. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर वाचनालय, त्याच्या ओसरीच्या भिंतीवर कुठल्याशा शाळेने मोडीत काढलेला लांबलचक फळा. दिल्लीत नवं सरकार आलं की त्याचं सगळं मंत्रिमंडळ तुम्ही त्यावर खडूने लिहायचात. चार रकाने: नाव, खातं, पक्ष, राज्य. वरच्या पट्ट्यात कॅबिनेट मंत्री, मधल्यात स्वतंत्र कार्यभाराचे, खालच्यात राज्यमंत्री. "सगळी मिळून मंत्रिपरिषद," तुम्ही दर वेळी सांगायचात, "मंत्रिमंडळ म्हणजे फक्त वरचा पट्टा." आणि लोक दर वेळी सगळ्यालाच मंत्रिमंडळ म्हणायचे. आज मीही म्हणते आहे, रागावू नका.

रकान्यांच्या पांढऱ्या रेघा रशीदभाई पेंटर ऑइलपेंटने मारून द्यायचे. एकाच पक्षाचं सरकार असे तेव्हा तिसरा रकाना बोटभर पुरायचा. आघाडीची सरकारं सुरू झाली आणि रशीदभाई कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "सर, इस बार कितनी पार्टियां हैं? खाना छोटा पड रहा है." तुम्ही म्हणालात, "मोठा करा." "मोठा केला तर राज्य का खाना भिंतीवर जाईल." "जाऊ द्या भिंतीवर." आणि गेलाच की. त्या वर्षी सगळी राज्यं फळ्याबाहेर, चुन्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली होती. पुढे घटनादुरुस्ती होऊन मंत्र्यांच्या संख्येला मर्यादा आली, तेव्हा अख्ख्या धुळ्यात रशीदभाईंइतकं खूश कोणी नव्हतं.

आपलं भांडण तिथूनच. मला आघाडी सरकार आवडायचं नाही. मला नीटनेटकं लागतं. आज शपथ, उद्या रुसवा, परवा खातेबदल, आणि मध्येच कोणी बिनखात्याचा मंत्री. "बिनखात्याचा म्हणजे काय हो? शाळेत बिनविषयाचा मास्तर ठेवतात का?" मी म्हणायचे. तुम्ही हसून खडू झटकायचात. "इंदू, चौथा रकाना वाच." तुम्हाला चौथा रकाना सगळ्यात प्रिय, राज्यांचा. एकहाती सरकारची यादी अर्ध्या तासात होते, म्हणायचात. आघाडीची करायला तीन दिवस लागतात, कारण देश एका टेबलाशी बसवायला तेवढा वेळ लागतोच. मी म्हणायचे की टेबलाशी बसवण्यासाठी आधी खुर्च्यांवरून हाणामारी कशाला. या वादाचा निकाल लागला नाही. तुम्ही गेलात म्हणून तुमची बाजू जिंकली असं मी मानणार नाही.

फळ्याचे नियम मात्र तुम्हा एकट्याचे नव्हते, आपले होते. मी रेडिओवर इंग्रजी बातम्या ऐकून नावं उतरवायची, तुम्ही मराठी बातम्यांशी आणि सकाळच्या वर्तमानपत्राशी ताडून पाहायचं, आणि मगच खडू उचलायचा. शपथ झाल्याशिवाय नाव नाही. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय काहीच नाही. फळ्यावर मत नाही, टोपणनाव नाही, 'समजते' नाही. उजव्या कोपऱ्यात तेवढी एक सवलत होती. शपथविधीच्या दिवशी होणाऱ्या मंत्र्यांना पंतप्रधानांच्या घरी चहाला बोलावतात. लोकांना संध्याकाळपर्यंत दम धरवत नसे, म्हणून तुम्ही कोपऱ्यात छोटी यादी लिहायचात, 'चहाचे बोलावणे आलेले'. तीही दोन ठिकाणांहून खात्री करून. तालुक्याच्या कचेरीतले लोक पैज लागली की फळ्यापाशी येऊन सोडवायचे. कशाला, एकदा बसस्टँडवर दोन कंडक्टर वाहतूक खातं कोणाकडे यावरून हमरीतुमरीवर आले, आणि तिसऱ्याने त्यांना रिक्षात घालून वाचनालयात आणलं होतं. मी खिडकीतून बघत होते. तुम्ही फळ्यावरच्या नावावर नुसतं बोट ठेवलंत.

आता त्या दिवसाचं सांगते.

निकाल अधांतरी लागले होते. दिल्लीत लहान-लहान पक्षांची मोट बांधणं चाललं होतं, आणि त्यातल्या एका लहान पक्षाच्या तिकिटावर आपला खेमसिंग खासदार झाला होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला, कोरडवाहू शेतीवर आणि मोहाच्या फुलांवर वाढलेला. तुमचा विद्यार्थी आणि माझाही, कारण इंग्रजीच्या पेपराला तो तीनदा बसला आणि तीनही वेळा आपल्या स्वयंपाकघरात माझ्यासमोर पाटावर बसून शिकला. मी पोळ्या लाटायची आणि तो काळ म्हणून दाखवायचा. चौथ्यांदा बसावं लागलं नाही. तो मंत्री होईल असं मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण रोज सकाळी अंघोळ करताना माझ्या मनात तेच असायचं.

शपथविधी संध्याकाळी होता. सकाळी दहाला घरचा फोन वाजला. तुम्ही वाचनालयात होतात. दिल्लीहून खेमसिंगचा सहायक बोलत होता, इंग्रजीत, घाईघाईने. साहेबांचं नाव यादीत आहे. चहाचं बोलावणं दुपारपर्यंत येईल असं वाटतं. सरांच्या कानावर तेवढं घाला, पण इतक्यात कुणाला सांगू नका. मी "थँक यू" म्हटलं, पदराने हात पुसले आणि वाचनालयात आले. मला फक्त तुमच्या कानात सांगायचं होतं.

ओसरीवर पंधरा-वीस जण होते. निवृत्त तलाठी नाना खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते आणि नेहमीसारखे खेमसिंगवर घसरले होते. "सर, तुमना खेमसिंगले दिल्लीमा कोन इचारस? मांगना बाकवर बसाडतीन, हात वर कराले."

सगळे हसले. तुम्हीसुद्धा थोडंसं. आणि माझ्या तोंडून निघालं, "बोलावणं आलंय त्याला. चहाचं."

येणार आहे असं मला सांगितलं होतं. मी आलंय म्हटलं. ऐकण्यात काही गडबड नव्हती, माझं इंग्रजी तेवढं नक्कीच बरं आहे. मला नानांचं हसू बंद करायचं होतं.

तुम्ही वळून विचारलंत, "नक्की?"

"नक्की. दिल्लीहून फोन होता."

रशीदभाई म्हणाले, "सर, दुसरीकडून विचारायचं ना?" त्यांनासुद्धा नियम पाठ होता. आणि तुम्ही खडू उचलत म्हणालात, "बाईंनी सांगितलं आहे. आणखी दुसरं कशाला?"

इतक्या वर्षांत तुम्ही माझ्याबद्दल पुष्कळ चांगलं बोललात, बहुतेक माझ्या माघारी. हे एक वाक्य समोर बोललात, आणि मी त्याला लायक नव्हते. तेव्हाही मला थांबवता आलं असतं. खेमसिंगचं नाव तुम्ही सावकाश, ठळक लिहिलंत. शेवटच्या अक्षरापर्यंत वेळ होता.

पुढचं गावाला माहीत आहे. तासाभरात चौकात फटाके वाजले. रशीदभाईंनी कापडावर 'अभिनंदन' रंगवलं, पैसे घेतले नाहीत. नानांनी स्वतः गुलाल आणला आणि जो दिसेल त्याला फासला, मलाही. "बाई, मी आपला गमतीनं म्हनत व्हतो!" दुपारच्या एस.टी.ने बातमी सातपुड्याकडे गेली. मी घरी येऊन फोनपाशी बसले. मला वाटत होतं, आत्ता वाजेल, आत्ता खरं होईल. दोन वाजले, तीन वाजले. फोन मुका.

संध्याकाळी वाचनालयात टीव्ही लावला. आत जागा नव्हती, लोक खिडकीच्या गजांना धरून उभे होते. एकेक मंत्री येत होता, शपथ घेत होता, सही करून जात होता. कॅबिनेट संपलं. "राज्यमंत्री राहिलेत अजून," कोणी म्हणालं. राज्यमंत्रीही संपले. राष्ट्रगीत सुरू झालं आणि अख्खं वाचनालय गुलाल लागलेल्या तोंडांनी उभं राहिलं. गीत संपल्यावर नाना कोणाकडेही न बघता म्हणाले, "मंग आते फळा पुसा, सर."

ते चिडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज पडला होता.

तुम्ही पुसला नाहीत. "खोडलेलं दिसलं पाहिजे," म्हणालात, आणि नावावर एक सरळ रेघ मारलीत. दुसऱ्या दिवशी कॉलेजात रजा टाकून सकाळी सातला फळ्यापाशी गेलात आणि खाली लिहिलंत: 'काल येथे चुकीचे नाव लिहिले. दोन ठिकाणांहून खात्री केली नव्हती. दोष लिहिणाऱ्याचा.' खाली पूर्ण नाव. मग दिवसभर तिथेच उभे राहिलात. बसला नाहीत. ज्याला विचारायचं आहे त्याला विचारता यावं म्हणून. एकाने विचारलं की गुलालाची गाडी भरून आणली, तिचं काय. एकाने विचारलं, सर, मग याआधीच्या याद्या तरी खऱ्या होत्या का? त्या प्रश्नाला तुमचा चेहरा उतरला, मी पाहिलं. पण उत्तर दिलंत: "तपासून बघा. तुम्ही तपासलंत तर मला आवडेल."

चहा घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, "मी सांगते सगळ्यांना. मी खोटं बोलले."

तुम्ही कपबशी हातात घेतलीत. मी काय बोलले होते ते तुम्ही रात्रीच ओळखलं होतं, मी कबूल करायच्या आधी. म्हणालात, "मंत्रिपरिषदेची जबाबदारी सामुदायिक असते, इंदू. आत काय झालं ते आत. बाहेर एकच बोलायचं."

"आणि पटत नसेल तर?"

"तर राजीनामा. द्यायचाय?"

मला रडताना हसू आलं. मी तुमच्यावर तिथल्या तिथे चिडलेही होते. सामुदायिक म्हणजे दोघांची. मग उभे तुम्ही एकटेच का? फळ्यावर 'लिहिणाऱ्याचा' का? हा वाद मी घरी परत काढला, पुढच्या महिन्यात काढला, मुलं मोठी झाल्यावर काढला. तुम्ही दर वेळी एकच म्हणालात, "खडू माझ्या हातात होता." मला वाटतं, तुम्ही चुकत होतात. मी आजही वाद सोडलेला नाही.

एक गोष्ट मी तुम्हालाही सांगितली नाही. मला सगळ्यात जास्त भीती फळ्याची वाटली नव्हती. सहायक म्हणाला होता, कुणाला सांगू नका. इथे फटाके वाजले, ते दिल्लीला कोणी कळवलं असेल, आणि उतावीळ म्हणून खेमसिंगचं नाव गाळलं असेल तर? पाटावर बसून काळ शिकलेल्या त्या माणसाचं मंत्रिपद माझ्या एका वाक्यानं गेलं असेल तर? तो एकदाच निवडून आला. पुन्हा कधी संधी आली नाही. तो दिवाळीला पाया पडायला यायचा आणि मी त्याच्या ताटात जास्तच वाढायची. तुम्ही विचारायचात, एवढं काय, तो काही उपाशी नाही.

गेल्या आठवड्यात तो आला. तुमच्या फोटोला हार घातला, माझ्यासमोर खाली बसला. आता त्याचेही केस पांढरे झालेत. मी त्याला सगळं सांगितलं. नानांचं, फोनचं, माझ्या भीतीचं. तो ऐकता ऐकता हसायला लागला आणि मग डोळे पुसायला लागला.

"काकू, मन्हं नाव तं सकाळीच कटायेल व्हतं," तो म्हणाला. "आमना पक्षमाच फाटाफूट व्हयनी. जागा दुसराले गयी. त्या सहायकले बी माहीत नव्हतं. तुमना फटाका दिल्लीमा कोन ऐकस?"

इतक्या वर्षांचं ओझं असं दोन वाक्यांत उतरतं याचा मला जरासा रागच आला.

मग तो म्हणाला, "पन एस.टी.वर बातमी गावले गयी ना, तवय मन्ही मायनी बठ्ठा गावले गूळ वाटा. दुसऱ्या दिवशी लोकंनी सांगं, मंत्री नही व्हयना. तिनी ऐकंच नही. मरे तोपावत माले मंत्रीच म्हने. 'मंत्री, भाकर खायी ले.'"

आम्ही दोघं हसलो. तुमच्या फोटोसमोर. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, कोणतं खातं?

अहो, मला तुमचा अभिमान वाटतो हे मी कधी सरळ म्हटलं नाही. आपल्या काळात म्हणत नसत, आणि मी शाळेतही शाबासकी वहीवर लिहायची, तोंडाने द्यायची नाही. दिल्लीतली किती माणसं त्या फळ्यावर आली आणि पुसली गेली. कोणाचं खातं बदललं, कोणी पक्ष बदलला, पण आपली चूक झाली असं स्वतःच्या सहीनिशी लिहून दिवसभर उभा राहिलेला मला त्यांच्यात आठवत नाही. मला धुळ्याच्या एका ओसरीवरचा आठवतो. त्याला मी चहा नेऊन देत होते.

आणि तुम्ही मला शिक्षा केलीच नाहीत असंही नाही. त्या दिवसानंतर मी काही बातमी आणली की तुम्ही चष्म्यावरून बघायचात. "दुसरं कोण म्हणतंय?" धाकटीला मुलगी झाली तेव्हासुद्धा! फोन ठेवून मी ओरडले, "रेवा आली!" अर्थात तेव्हा रेवाचं नाव ठेवलं नव्हतं, मुलगी झाली म्हणाले. तुम्ही म्हणालात, "दुसरं कोण म्हणतंय?" आणि जावयांना पुन्हा फोन लावलात. मी हसून लोळले. मला त्या प्रश्नाचा कधी राग आला नाही. बरं वाटायचं. मी पुन्हा चुकणार नाही एवढी तजवीज तुम्ही करून ठेवली होतीत.

शेवटच्या यादीच्या वेळी तुमचा हात कापत होता. परत आघाडीचं सरकार, परत तिसरा रकाना अरुंद. स्टुलावर मी उभी, खाली खुर्चीत तुम्ही, आणि रशीदभाईंचा मुलगा स्टूल धरून. मी लिहायची, तुम्ही मोबाईलवर सरकारी पत्रक आणि समोर वर्तमानपत्र धरून ताडायचात. तीन दिवस लागले. शेवटचा राज्यमंत्री लिहून मी खाली उतरले तर तुम्ही म्हणालात, "अक्षर माझ्याहून चांगलं आहे." हे तुम्ही आधी का सांगितलं नाहीत, हा आपला आणखी एक राहिलेला वाद.

तर परवा मी वाचनालयात गेले. सगळ्यांसमोर सांगायचं ठरवून गेले होते, पण आवाज फुटेल असं वाटेना, म्हणून खडू मागून घेतला. ज्या कोपऱ्यात तुम्ही चहाची यादी लिहायचात तिथे लिहिलं: 'खेमसिंग यांचे नाव चुकीचे लिहिले गेले, ती बातमी मी दिली होती आणि ती खोटी होती. सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा दोष.' खाली माझं पूर्ण नाव.

रशीदभाई आता काठी टेकत येतात. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. "भाभी, अब क्यों? कौन पूछ रहा था?"

"नोंद बरोबर असावी, रशीदभाई."

"सर रागावले असते."

"रागावू देत. राजीनामा दिला मी आज."

नानांचा मुलगा बाकावरून म्हणाला, "मंग बाई, आमना बापना गुलाल तुमनाकडथीन वसूल करना पडी!" सगळे हसले. मीही हसले. ज्या पत्रकाराने ती ओळ लिहिली होती त्याला मी फोटो पाठवला आहे. छापलं तर छापलं. मुलांनो, तुम्हाला मात्र आता दोन ठिकाणांहून कळलेलं आहे, फळ्यावरून आणि माझ्याकडून.

आज सकाळी दार वाजलं. इस्त्रीवाल्या कमलअक्का कपड्यांचा गठ्ठा काखेत घेऊन उभ्या होत्या. "काकू, मोबाईलवर सांगी राहिनात, मंत्री बदलनार शेतस. खरं शे का?"

मी म्हटलं, "अजून मला माहीत नाही. नीट कळलं की लिहीन."

"बरं. मंग मी उद्या येसू," म्हणाल्या आणि गेल्या.

तुम्ही नाही आहात. लोक अजून विचारायला येतात.